ताईचं मशीन

ऑफिसात त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला मिस्त्री का म्हणायचं, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानेही कधी मनावर घेतलं नाही. बत्तीस टेबलं, बत्तीस मशीनं, आणि त्यांची दुखणी काढणारा तो एकटा. हॉस्पिटलातले डॉक्टर पेशंट तपासून झाल्यावर जे तोंडी बोलून ठेवतात, ते ब्राउझरमध्ये ऐकायचं आणि टाइप करायचं, हे तिथलं काम. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की आवाज पुढे सरकायचा, सोडलं की थांबायचा.

त्या बत्तीस जणांत सगळ्यात जुनी त्याची सख्खी बहीण होती. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा आणि ताई एकोणीसची. त्याच्या शाळेच्या डब्यापासून लग्नापर्यंत सगळं तिनेच निस्तरलं. स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. या ऑफिसात त्याला चिकटवलं तेही तिनेच. अजून तो कच्चाच होता. दर सहा महिन्यांनी कागद नवा व्हायचा, आणि कायम होण्याची वाट बघण्यात चौथं वर्ष चाललं होतं.

एके दिवशी ताईच्या मशीनचा पंखा घोंघावायला लागला. दुसऱ्या दिवशी तो थांबेचना. तिने पेडल दाबलं की डॉक्टरांचा आवाज अडखळायचा, अक्षर टाइप केलं की पडद्यावर यायला वेळ लागायचा. शेजारच्या टेबलावरचा लठ्ठ टायपिस्ट म्हणाला, "ताई, पट्टा बांधा. विमान सुटतंय." सगळे हसले. ताईही हसली, पण तिसऱ्या दिवशी नाही. कारण दर सोमवारी साहेब सगळ्यांना उभं करून कुणी किती टाइप केलं त्याचे आकडे वाचायचे, आणि ज्याचा आकडा शेवटचा, त्याने बाकीचे बसले तरी उभं राहायचं. त्या सोमवारी अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ताई उभी राहिली.

"बघ रे जरा," ती मिस्त्रीला म्हणाली. "म्हातारं झालंय की काय मशीन?"

तो तिच्या खुर्चीत बसला. प्रोसेसर अठ्ठ्याण्णव टक्के, आणि त्यातला सगळा घास एकट्या ब्राउझरचा. त्याने जादा टॅब बंद केले. साठलेला कचरा साफ केला. ब्राउझर काढून नवा टाकला. आकडा क्षणभर खाली आला आणि पुन्हा चढला. मग त्याने ब्राउझरची स्वतःची यादी उघडली, ज्यात कोण किती खातंय ते एकेकाच्या नावानिशी दिसतं. तिथे चोर सापडला. ऑफिसने सगळ्यांच्या ब्राउझरला एक जोडणी लावून दिली होती. कोण काम करतंय, कोण टाइमपास करतंय हे बघायला ती पडद्याचे फोटो काढून साहेबांकडे पाठवायची. बाकी एकतीस जणांचा फोटो दर दहा मिनिटांनी निघत होता. ताईचा दर सेकंदाला.

त्याने तारीख बघितली. पंखा सुरू झाला त्याच सकाळी हा बदल झाला होता, साहेबांच्या खात्यातून. आणि आदल्या दिवशी काय घडलं होतं ते अख्ख्या ऑफिसला माहीत होतं. एका रिपोर्टात साहेबांनी घाईघाईत दुरुस्ती करून औषधाच्या पंधरा मिलिग्रॅमचे पन्नास केले होते. ताईने ते पकडलं. साहेब जागेवर नव्हते, म्हणून तिने सरळ हॉस्पिटलला फोन करून चूक कळवली. पेशंट वाचला. साहेबांची मात्र वरून चांगलीच हजेरी घेतली गेली.

मिस्त्री साहेबांच्या केबिनमध्ये गेला. मनाशी त्याने ठरवलं होतं की चुकून झालं असेल असंच म्हणायचं.

"सर, ताईच्या मशीनवर फोटोचं सेटिंग चुकून—"

"चुकून नाही," साहेब कागदावरून नजर न काढता म्हणाले. "राहू द्या ते."

"पण त्यामुळे मशीन चालतच नाही, सर."

"तुमचा कायमचा कागद माझ्याकडे आलाय. सही व्हायची आहे." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "ताई समजूतदार आहेत. जातील आपण होऊन. तुम्ही मशीन तपासलंत, मशीन ठीक आहे. आणखी काही?"

"नाही, सर."

बाहेर ताई त्याची वाट बघत होती. हेडफोन गळ्यात, हात मांडीवर.

"सापडलं का रे काही?"

"काही नाही सापडलं."

"काहीच नाही? मग माझंच चुकतंय का?"

इथे तो गप्प राहिला असता तरी चाललं असतं. पण ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि ते त्याला सहन होईना. कसंही करून ते बघणं बंद व्हायला हवं होतं.

"वय होतं, ताई," तो म्हणाला. "बोटं मंदावतात. तुलाच कळत नाही, एवढंच."

तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं. "हो का," म्हणाली, आणि पुन्हा हेडफोन चढवला.

त्या आठवड्यात ती हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. त्यांनी बोटं वाकवून बघितली आणि काही झालेलं नाही म्हणून सांगितलं. ती घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःच्या लॅपटॉपवर सराव करायला लागली. रविवारी तो बायकोला घेऊन तिच्याकडे गेला, तेव्हा ती गोंधळलेली होती.

"घरी भराभर होतं रे. पहिल्यासारखं. ऑफिसात बसले की अडतं. असं कसं?"

त्याची बायको म्हणाली, "मग मशीनच बिघडलं असणार, ताई."

"मशीन मी तपासलंय," तो ताडकन म्हणाला. मग आवाज खाली आणून, "भीती बसलीय तुला. उभं राहावं लागलं ना, त्याची."

ताईने मान हलवली. भीतीचं तिला पटलं. त्याने सांगितलेलं तिला नेहमीच पटायचं. मशीनमधलं त्याला कळतं हे ती शेजारपाजारी कौतुकाने सांगत फिरायची.

पुढच्या सोमवारी आकडे वाचून झाले, सगळे बसले, ताई उभी राहिली. साहेबांनी मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या मिस्त्रीला हाक मारली.

"ताईंचं मशीन तपासलंत ना?"

"हो, सर."

"काय निघालं?"

"मशीन ठीक आहे."

"मोठ्याने सांगा. त्यांचा गैरसमज नको."

"मशीन ठीक आहे, सर."

कुणी हसलं नाही. लठ्ठ टायपिस्टसुद्धा खाली बघत होता. ताईच्या मानेवर लाल चट्टे उठले. दुपारी तिने चार ओळींचा राजीनामा लिहिला. तेवढ्या चार ओळी टाइप करायलाही त्या मशीनवर तिला पंधरा मिनिटं लागली. ती गेली आणि तासाभरात साहेबांनी सेटिंग पूर्ववत करायला सांगितलं. प्रोसेसर चार टक्क्यांवर आला. त्या शुक्रवारी मिस्त्री कायम झाला.

दोन महिन्यांनी ताईला तशाच दुसऱ्या एका ऑफिसचा पत्ता लागला. तिथल्या बाईंनी अनुभव बघून तिला टायपिंगची परीक्षा द्यायला बोलावलं, आणि जुन्या ऑफिसातल्या कुणाचा तरी नंबर मागितला. तिने भावाचा दिला.

फोन आला तेव्हा तो घरी होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. साहेब नव्हते, त्यांचं पेन नव्हतं. बाई म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षांचा अनुभव आहे त्यांचा. हात चालतो ना अजून?"

त्याला एवढंच दिसलं: ताई तिकडे धडधाकट मशीनपुढे बसणार, सटासट टाइप करणार, आणि मग घरी येऊन त्याला विचारणार.

"खरं सांगू का, बाई?" तो म्हणाला. "माझी बहीणच आहे ती. पण आता नाही होत तिच्याने. परीक्षेलाही बसवू नका. बिचारीला सगळ्यांसमोर त्रास होतो."

"बरं झालं सांगितलंत," बाई म्हणाल्या. "तुमच्यासारखा भाऊ आहे त्यांना."

आठवड्याने ताई त्याच्याकडे आली. बसली. पाणी प्यायली.

"त्यांचं काही आलं नाही रे. परीक्षेचं बोलल्या होत्या, तेही राहिलं. तुला फोन केला होता ना त्यांनी?"

"केला होता."

"काय सांगितलंस?"

"चांगलंच सांगितलं, ताई."

"ते माहितेय रे मला." तिने त्याच्या शर्टाचं सैल झालेलं बटण चिमटीत धरून बघितलं. "सुई-दोरा आण. आता मला काय, वेळच वेळ आहे."

त्याने आणून दिला. बटण नीट लागेपर्यंत तो तिच्यासमोर हलला नाही.