एकशे बारा टाके

त्या रविवारी माझ्यावर एकशे बारा टाके होते.

मित्रांनो, मी विणकामाची एक जुनी सुई आहे. दहा नंबरची, ॲल्युमिनियमची. माझा निळा रंग दुर्गाबाईंच्या बोटांनी केव्हाच घासून नेला. मला एक जुळी बहीण आहे. एकीवरचे टाके दुसरीवर घेत घेत आम्ही विणतो. ओळ संपली की एक पूर्ण भरलेली असते आणि दुसरी मोकळी. या मोकळीला दुर्गाबाईंच्या घरी आणखी एक काम होतं. गॅसवरच्या गोल ओव्हनात केक ठेवला की तो झाला का, हे तिला खुपसून पाहायचं. कोरडी निघाली तर झाला. “धुतली की झाली,” असं दुर्गाबाई म्हणत आणि पुन्हा विणायला घेत.

त्या रविवारी त्यांची मुलगी दीक्षा अमरावतीहून अकोल्याला आली होती, सकाळी येऊन चारच्या बसनं परत जायला. ती कॉलेजात शिकवते. दुर्गाबाईंनी तिच्यासाठी रव्याचा केक लावला होता आणि त्या तिच्या पिशवीत लोणच्याची बरणी बसवत होत्या. विणकाम पलंगावर पडलं होतं.

“दीक्षा, सुई घालून पाह्य बरं, केक झाला काय.”

दीक्षाच्या कानाला फोन होता. तिनं न पाहता हात घातला आणि एक सुई ओढली. मोकळी बहीण बाजूलाच होती. दीक्षानं मला ओढलं.

टाक्यांतून मी सर्रकन बाहेर आले. एकशे बारा टाके चिमणीच्या पिल्लांसारखे तोंड उघडून मागे राहिले आणि मी गरम केकात शिरले. कोरडी निघाले. केक छान झाला होता.

दुर्गाबाई आल्या, पलंगाकडे पाहिलं आणि हसल्या.

“अवो प्रोफेसरीनबाई, भरलेली ओढली ना तू! मोकळी घ्याची असते.”

“दोघी सारख्याच तर दिसतात. आणि कोणासाठी विणून राहिली एवढं? अकोल्यात थंडी तरी असते काय?”

“तुह्यासाठीच हाय.”

“मी घालत नाही आई, तुले माहीत आहे.”

“नको घालू. माह्ये बोटं तर चालू राह्यतात.” दुर्गाबाईंनी विणकाम अलगद उचलून उशीवर ठेवलं. “राहू दे. उद्या उचलीन टाके.”

दीक्षा त्या उघड्या टाक्यांकडे पाहत क्षणभर उभी राहिली. आज मला वाटतं, तिला काहीतरी विचारायचं होतं. पण मग तिनं पिशवी उचलली. “येतो मी. बस जाईन माही.”

दुसऱ्या दिवशी दुधाची पिशवी दारातच राहिली. शेजारच्या इंदूबाईंनी आधी कडी वाजवली, मग माणसं बोलावली. दुर्गाबाई झोपेतच गेल्या होत्या.

मित्रांनो, त्यांच्या हातात मी एकेचाळीस वर्षं होते. डी.एड.ला असताना कार्यानुभवाच्या तासासाठी त्यांनी आम्हा दोघींना अमरावतीत विकत घेतलं. पुढे हिवरखेडच्या शाळेत नोकरी लागली. तिथल्या मुलींकडे सुया नव्हत्या. बाईंनी पंक्चरवाल्याकडून सायकलचे जुने स्पोक मागून आणले, टोकं दगडावर घासून बोथट केली आणि चाळीस मुलींना सुलट-उलट टाके शिकवले. नमुना दाखवायला आम्ही असायचो. जिल्ह्याच्या प्रदर्शनात आमच्या बाळटोपीला प्रमाणपत्र मिळालं होतं, तेव्हा बाईंनी आम्हाला खोबरेल तेलाचा हात लावून पुसलं होतं. त्यांचे यजमान किसनराव आमचं स्वेटर फेब्रुवारी संपेपर्यंत अंगातून काढत नसत. घाम पुसत म्हणत, “बायकोनं विणलं हाय, इलाज नाही.”

किसनराव गेले तेव्हा बाईंनी आम्हाला पत्र्याच्या पेटीत ठेवलं. दोन वर्षं आम्ही अंधारात होतो. निवृत्तीनंतर त्यांनी पेटी उघडली, आणि त्याच सुमारास केक शिकल्या.

हिवरखेडच्या पोरी शिकल्या, त्यांच्या मुलीही शिकल्या. घरची तेवढी राहिली.

अकरा वर्षांची असताना दीक्षा एकदा शिकायला बसली होती. वर्गात पहिली येणारी मुलगी. लोकर तिनं इतकी आवळून धरली, की टाक्यांत मला हलताच येईना. “सैल धर बाई,” आई म्हणाली, “सुई फिरली पाह्यजे आत.” तीन ओळींत टाके कमी-जास्त झाले. आईनं ते मोजून दाखवले, तशी तिनं आम्हाला भिंतीवर फेकलं. “मले नाही करायचं हे!” येत नाही, असं ती म्हणाली नाही. ते वाक्य तिच्या तोंडी नव्हतंच. पुढे आई दरवर्षी विचारायची, आणि ती म्हणायची, पुढच्या सुट्टीत.

बाईंच्या आठवणीत ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घर माणसांनी भरलं. गाद्या टाकायच्या म्हणून कोणीतरी विणकाम पलंगावरून कपाटावर ठेवलं. कोणीतरी कपाटावरून पिशवीत कोंबलं, आम्हा सुयांसकट. सगळे मदतच करत होते. पण टाके उघडे होते. प्रत्येक हाताबरोबर चार-दोन सुटले, आणि सुटलेला टाका खालच्या ओळीतल्या टाक्यालाही सोडवतो. शिडीच्या पायऱ्या गळाव्यात तसं. मी त्याच पिशवीत पडून ते ऐकत होते. मला परत आत घालायला कोणाचे हात नव्हते.

माणसं गेल्यावर दीक्षानं पिशवी उघडली. विणकाम मांडीवर पसरलं आणि टाके मोजले. नव्वद उरले होते. तिनं फोनवर एक व्हिडिओ लावला. त्यातली बाई हिंदीत भराभर बोलत होती आणि तिच्या सुया जाड होत्या. दीक्षानं मला हातात घेतलं, अकराव्या वर्षी धरलं होतं तसंच, आवळून. पहिला टाका माझ्यावर आला. दुसराही आला. तिसऱ्याला तिनं जरा ओढलं, आणि शेजारचा टाका पाच ओळी खाली गेला.

मित्रांनो, त्या पाच ओळी दुर्गाबाईंनी विणल्या होत्या. जगात त्यांच्या हातचं नवं काही आता होणार नव्हतं. होतं तेवढंच होतं, आणि तेही तिच्या बोटांखाली कमी होत होतं. ती थांबली तर बरं, असं मला वाटे. आणि ती थांबली, तर हे कायमचं असंच राहील, असंही वाटे.

दुपारी इंदूबाई भाकरी-भाजी घेऊन आल्या.

“काकू, तुमाले येते काय हे?”

“मले नाही येत ओ बाई. तुही माय होती ना, म्हणून आमी कोणी शिकलोच नाही. लागलं की तिच्याकडं जाचं.” त्या टेकल्या. “हिवरखेडच्या एखाद्या पोरीले बोलाव. त्याइले येते सारं.”

“नको.”

“मंग उसवून टाक. गुंडा कर. लोकर तरी कामात येईन.”

“नाही काकू.”

“अवं, पण असं घेऊन बसून काय होते?”

दीक्षानं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. इंदूबाईंनी ताटावर झाकण ठेवलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेल्या.

मित्रांनो, सुया जपून ठेवा, गंजू देऊ नका, असं मी सांगणार नाही. ॲल्युमिनियम गंजत नाही. आम्ही तुमच्या नातवंडांनाही पुरू. पण आम्ही जिच्या हातात चालतो, ती पुरत नाही. तुमच्या घरी कोणाच्या बोटांना असं काही येत असेल, तर जवळ जाऊन बसा. चुका, टाके सांडा, हसून घ्या. पुढच्या सुट्टीवर ठेवू नका. याहून जास्त मला ठाऊक नाही, आणि जेवढं ठाऊक आहे ते मला फार उशिरा कळलं.

त्या दुपारी दीक्षानं आणखी एकदा मला टाक्याशी नेलं. टाका निसटला आणि खाली धावला. तिनं बोटानं तो दाबून धरला, तसंच धरून बसली. बोट उचललं असतं तर आणखी गेला असता. झाकल्या ताटातली भाकरी गार होत होती.

समोरच्या पलंगावर कोणी नव्हतं. दीक्षा त्याच्याकडे पाहत होती. वर्गात उभं राहून कबुली देतात, तशा स्पष्ट आवाजात ती बोलली.

“आई, मले येत नाही. मले कधीच आलं नाही. शिकव ना मले.”