बाबांनी अडवलेली लाइन

रक्ततपासणीच्या त्या लॅबमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. रिपोर्टसाठी आलेले लोक, कर्मचारी, मालकांची आई, सगळे हात जोडून उभे होते. मालकांचे गुरू लहरीबाबा राऊटरच्या खोलीत ध्यान आटोपून बाहेर आले तेव्हा नेहमीप्रमाणे इंटरनेट बंद पडलं होतं.

"लहरी अडल्यात," बाबा डोळे मिटून म्हणाले. "काउंटरवरच्या मुलीची सावली वाईट आहे. ती उठेपर्यंत लाइन सुटायची नाही."

ती मुलगी म्हणजे माझी धाकटी बहीण. बाबांनी एकदा कीबोर्डला भस्म फासलं तेव्हा तिला हसू आवरलं नाही, एवढाच तिचा गुन्हा. तेव्हापासून बाबा आले की लाइन जायची, मालक तिला रस्त्यावर उभं करायचे, मग बाबा पुन्हा आत जायचे आणि लाइन यायची. आता मालक तिला कायमचं घरी पाठवणार होते. मी ऑफिसांची नेटवर्क जोडते. संशय मला होताच, पण त्या दिवशी मी आले ती उट्टं काढायलाच.

राऊटर नुसता बघून येते, असं मालकांना सांगून मी आत गेले. दिवे लुकलुकत होते, आणि दिवे लागले म्हणजे यंत्र ठीक, अशी तिथे सगळ्यांची समजूत. मी एक वायर काढून दुसऱ्या खाचेत घातली आणि गुपचूप बाहेर येऊन उभी राहिले.

बाबा रंगात आले होते. तेवढ्यात बहिणीच्याच पडद्यावर रिपोर्ट धडाधड उतरू लागले. ती खुर्चीवरून हललीही नव्हती.

"आता पुन्हा अडवा," मी म्हणाले. "इथूनच. आत जायचं नाही."

बाबांनी मंत्र पुटपुटले, भस्म उधळलं, घाम पुसला. कोणीतरी त्यांच्यासाठी खुर्ची आणली, ती मी परत पाठवली. मला त्यांची जराही दया आली नाही. शेवटी मालकांची आईच म्हणाली, "पुरे करा बाबा, शोभत नाही."

मग मी सगळ्यांना आत नेलं. राऊटरच्या खाचा दिसायला सारख्या, प्लग कुठेही बसतो, पण कामं वेगळी. कडेची खाच बाहेरून येणाऱ्या लाइनची, शेजारच्या चार आतल्या कॉम्प्युटरांच्या, आणि एक फक्त आमच्यासारख्या दुरुस्तीवाल्यांची. बाहेरची वायर आतल्या खाचेत घातली तर दिवा लागतो, इंटरनेट येत नाही. बाबांचं ध्यान ते एवढंच. मालकांनी स्वतःच्या हाताने वायर बदलून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

बाबा दाराकडे सरकले, तशी मी आडवी आले. "हिला सगळ्यांसमोर नावं ठेवलीत. आता सगळ्यांसमोर सांगा, खोटं बोललो म्हणून."

ते पुटपुटले. ऐकू आलं नाही, असं मी म्हटलं. त्यांना मोठ्याने सांगावं लागलं.

मालक माफी मागू लागले, तेव्हा बहीण म्हणाली, "त्यांनी फसवलं, साहेब. पण यंत्राची मागची बाजू बघायला तुम्हाला कोणी अडवलं होतं?"

मालकांनी तिला पुन्हा काउंटरवर बसायला सांगितलं. तुम्हीही, वाचकहो, हात जोडण्याआधी यंत्र उलटं करून बघत जा. तेवढ्याने कुणाच्या तरी लेकीची नोकरी वाचते.