लाल गाडी आणि घोटभर कॉफी

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. मी एक जुनी लाल गाडी आहे. दोन दारांची, बुटकी, एके काळी वाऱ्याशी भांडणारी. माझ्यापायी एका माणसाचं घरदार उठायची वेळ आली होती, आणि ते घर त्याला घोटभर कॉफीनं परत मिळालं. हसू नका. घोटभरच. लहानशा, बिनकानाच्या कपात असते ना, तेवढी.

"झाली सुरुवात," शेजारून हाजी म्हणाला. "काल हिनं विमानाला मागं टाकलं होतं."

हाजी म्हणजे माझ्या डाव्या हाताला उभी असलेली जुनी पिवळी टॅक्सी. तरुणपणी यात्रेकरूंना वाळवंटातून मक्केला नेऊन परत आणायचा, म्हणून त्याला सगळे हाजी म्हणतात. आता आम्ही दोघंही अम्मानजवळच्या जर्का शहराबाहेर उस्ताद जुरैसच्या भंगारात उभे आहोत. त्याची चाकं शाबूत आहेत, माझी नाहीत. मला विटांवर टेकवलंय. माझं बॉनेट मधोमध चेपलंय आणि पुढची काच उजवीकडून फुटलीय. तिच्याकडे बघत बसू नका. गोष्ट तिथपर्यंत येईलच.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यातला. पहिला मालक अम्मानचा दातांचा डॉक्टर. तो मला जावयासारखं जपायचा. तेव्हा माझा वेग असा होता की सकाळी निघताना माझी सावली मागं राहायची आणि दुपारी जेवणाच्या वेळेला धापा टाकत घरी पोचायची.

"सावली!" हाजी म्हणाला. "आणि जेवायला काय घ्यायची ती?"

मी लक्ष दिलं नाही. डॉक्टरला जुळ्या मुली झाल्या, आणि दोन दारांच्या गाडीत जुळ्या मुली, त्यांची आई आणि तिची आई मावेना. मला विकलं. मग आणखी कुणी, मग आणखी कुणी. शेवटी जेरशच्या डोंगरात एका जैतुनाच्या झाडाखाली मला लावलं आणि विसरले. कोंबड्यांनी माझ्या मागच्या सीटवर संसार मांडला. उन्हाळ्यात माझा पत्रा इतका तापायचा की अंडी उकडूनच बाहेर पडायची. बागेचा म्हातारा नुसतं मीठ घेऊन यायचा. मी हे गमतीनं सांगते आहे, पण मित्रांनो, एखाद्या पळणाऱ्या जिवाला कोंबड्यांखाली बसावं लागणं यात गंमत काही नसते.

तिथून मला नव्वाफनं सोडवलं.

नव्वाफ दगड कापायच्या कारखान्यात कामाला होता. पांढरी भुकटी त्याच्या पापण्यांवर बसलेली असायची. लांबून बघावं तर तिशीतला माणूस म्हातारा वाटायचा. बाप लवकर गेलेला. घरात तो आणि त्याची आई, उम्म नव्वाफ. बापानं बांधलेलं दोन खोल्यांचं घर, दारात अंजिराचं झाड, गल्लीत सगळे भाऊबंद. दोरीनं बांधून, ढकलत त्याने मला त्या दारात आणलं तेव्हा त्याची आई हातातला, भरायला काढलेल्या द्राक्षवेलीच्या पानांचा डबा घेऊन बाहेर आली.

"हे काय?"

"गाडी आहे, यम्मा."

"गाडी? लोकांची पोरं या वयात सून आणतात. तू खुराडं आणलंस. आत अजून पिसं आहेत बघ."

"यम्मा, तू नुसती बघ. हिला असं तयार करतो की जेरशचा चढ ही एका दमात चढेल."

"आधी हिला धू," ती म्हणाली, आणि बादली तिनेच आणून दिली.

हातात पैसा थोडा आणि मनात वेड मोठं, अशी माणसं गाडी कशी घडवतात ते ऐका. नव्वाफनं आधी माझं वजन उतरवलं. मागची सीट गेली, दारांच्या आतले पुठ्ठे गेले, पाचवं चाकही गेलं. मग मला जमिनीलगत बसवायचं म्हणून त्यानं माझ्या स्प्रिंगा काढल्या आणि कारखान्यात नेऊन, दगड कापायच्या चकतीवर त्यांचं एकेक वेटोळं उडवलं. नवीन बुटक्या स्प्रिंगा कुणाला परवडतात! त्या दिवसापासून रस्त्यावरचा प्रत्येक खडा मला नावानिशी ओळखीचा झाला. हवा थंड करायची जाळी एका मोडक्या ट्रकची होती, ती माझ्या दातांमागं बसवली. धुराडं जुन्या पाइपांना डाग देऊन बनवलं. त्याचा आवाज असा निघाला की पलीकडच्या डोंगरावरच्या मेंढ्यांनी त्या दिवशी दुधाऐवजी दहीच दिलं.

हाजीचा पत्रा हसल्यासारखा खुळखुळला. त्याला ते आवडलं असावं.

राहिल्या दोन गोष्टी: टर्बो आणि ब्रेक. टर्बो म्हणजे इंजिनाच्या छातीत जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंखा. उस्ताद जुरैसकडे अपघातात गेलेल्या एका व्हॅनचा चांगला टर्बो होता. आणि त्याच्याकडेच, एका जड गाडीच्या मोठ्या ब्रेक डिस्कची जोडी होती, माझ्या चाकांत जराशा खटपटीनं बसणारी. ती त्यानं कार्यशाळेच्या भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवली होती. नव्वाफला दोन्हीतलं एकच झेपणार होतं.

जुरैस मिशा ओढत म्हणाला, "हे बघ, टर्बो लावलास तर ही पळेल. पण हिचे ब्रेक डॉक्टरच्या जमान्यातले आहेत. दवाखान्यातून घरी येण्यापुरते."

"ब्रेक पुढच्या महिन्यात, उस्ताद."

"खरंच करशील ना रे?"

"वल्लाह, पुढच्या महिन्यात. तोवर डिस्क कुणाला देऊ नकोस."

"देत नाही. खिळ्यावरच आहेत तुझ्या नावानं."

नव्वाफला घाई का होती, ते सांगते. त्याचा चुलतभाऊ मिशाल याचं लग्न ठरलं होतं. आमच्याकडे वरात म्हणजे गाड्यांची रांग. नवरीला तिच्या गावाहून हॉर्न वाजवत, गाणी म्हणत आणायची. नवरीच्या गाडीच्या लगेच मागं कोणाची गाडी, यावरून भावाभावांत अबोला होतो. आणि मिशालनं भर कॉफीच्या बैठकीत नव्वाफला चिडवलं होतं, "नव्वाफ, तूही ये हां वरातीत. सगळ्यांत मागं राहा आणि येताना अंडी घेऊन ये!"

सगळे हसले. नव्वाफही हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं टर्बो घेतला.

मित्रांनो, त्यानंतर मी काय पळाले! हे मात्र थाप नाही. जेरशचा चढ मी असा चढले की नव्वाफ एकटाच मोठमोठ्यानं हसत होता आणि त्याच्या पापण्यांवरची भुकटी उडून गेली होती. गल्लीतली माणसं उठून उभी राहायची. ज्या मिशालनं अंड्यांवरून चिडवलं त्यानंच येऊन माझ्या टपावर हात मारला आणि म्हणाला, "नवरीच्या मागं तूच रे, भावा. दुसऱ्या कुणाला येऊ देत नाही." दृष्ट लागू नये म्हणून उम्म नव्वाफनं माझ्या आरशाला निळा मणी बांधला. इतकं कौतुक माझं डॉक्टरनंही केलं नव्हतं. पुढचा महिना आला आणि गेला. माझ्या ब्रेककडे कुणी बघितलं नाही, कारण कौतुक पळण्याचं होत होतं. थांबण्याचं कौतुक कोण करतं?

शुक्रवारी दुपारी वरात नवरीला घेऊन डोंगरातून परत निघाली. पुढं फुलं लावलेली नवरीची गाडी, तिच्या मागं मी. उताराच्या आधी एक मोकळं मैदान आहे, तिथं सगळे थांबले आणि ओरडायला लागले, "नव्वाफ! दाखव!" मग त्यानं मला गोल गोल घुमवलं. गेलो, ओढला हातब्रेक, घसरलो, दाबला ब्रेक, परत गेलो. टायरांचा धूर नवरीच्या खिडकीपर्यंत पोचला. पोरी टाळ्या पिटत होत्या. माझ्या चाकांत मात्र आग लागल्यासारखं झालं होतं; ब्रेकचं जुनं तेल आत खदखदत होतं आणि जळका वास येत होता. नव्वाफला तो टायरांचाच वाटला.

"एवढ्यात नवरीची गाडी उताराला लागली होती," हाजी हळूच म्हणाला. तोही त्या वरातीत होता. खूप मागं, म्हाताऱ्या माणसांना घेऊन.

हो. लागली होती. आपली जागा कुणी घेऊ नये म्हणून नव्वाफनं मला तिच्या मागं सोडलं. आणि वळणापलीकडे वरात थांबली होती. आमच्याकडे थांबतेच, कुणाच्या तरी अंगात येतं, माणसं गाड्यांतून उतरतात आणि रस्त्याच्या मधोमध नाचायला लागतात. नवरीचा भाऊ सत्ताम नाचत होता. डोक्याचा लाल रुमाल काढून हवेत फिरवत होता, पाठ आमच्याकडे.

नव्वाफनं पेडल दाबलं. ते लोण्यात पाय गेल्यासारखं तळाला टेकलं. त्यानं हातब्रेक ओढला. तो मैदानातच संपला होता. त्यानं हॉर्न दाबला. वरातीत हॉर्न! सगळ्याच गाड्या वाजवत होत्या. सत्तामनं हॉर्न ऐकून रुमाल आणखी जोरात फिरवला.

मी तुम्हांला सांगू शकले असते की मी उडी मारली आणि त्याच्या डोक्यावरून पलीकडे गेले. सावलीची गोष्ट सांगणाऱ्या गाडीला एवढं काय अवघड? पण नाही गेले. मी त्याला धडकले. त्याचा पाय मोडला.

"पाय," हाजी म्हणाला.

पाय. मांडीपासून. त्याला दवाखान्यात नेलं. नव्वाफ रस्त्यावर बसून स्वतःच्या थोबाडात मारून घेत होता; पोलिसांनी त्याला उचलून नेलं, सत्तामच्या माणसांनी सूड घेऊ नये म्हणून, त्याच्याच जिवाच्या काळजीनं. मला दोरीनं बांधून इथं आणलं, आणि टेकवलं ते नेमकं त्या भिंतीसमोर. बघा, दिसतात? खिळ्यावर त्या दोन डिस्क अजून आहेत. जुरैसनं कुणाला दिल्या नाहीत. गिऱ्हाईक विचारतं तर म्हणतो, "त्या विकायच्या नाहीत." नव्वाफच्या नावाच्या आहेत.

म्हणून मित्रांनो, माझी एवढी विनवणी ऐका. जुन्या गाडीत जीव ओतायचा असेल तर खुशाल ओता. भंगारातून ओता, उसनवारीनं ओता, आम्हांला लाज नाही. पण आधी आम्हांला थांबायला शिकवा. ती भिंतीवरची वस्तू आधी उतरवा, मग बाकीचं. आणि आमचं कौतुक करताना चाकांच्या आतही कधी वाकून बघा.

आता कॉफीची गोष्ट, म्हणजे शेवट गोड होईल.

आमच्याकडे असं काही घडलं की अपराध्याच्या बाजूची वडीलधारी माणसं समोरच्यांच्या दारात जातात. डोकं खाली घालून बसतात. यजमान कॉफी ओततो, पण पाहुण्यांचा म्होरक्या कप ओठाला लावत नाही. समोर जमिनीवर ठेवतो. मागणं मान्य झालं की यजमान म्हणतो, "कॉफी प्या." तेवढ्या दोन शब्दांसाठी सगळं असतं. ते मिळाले तर नव्वाफ तुरुंगातून घरी येणार होता. नाही मिळाले तर नव्वाफचीच नव्हे, त्याच्या आईचीही सुटका नव्हती. रिवाजाप्रमाणे तिला ते घर, ते अंजिराचं झाड, ती गल्ली सोडून सत्तामच्या माणसांच्या नजरेआड कुठंतरी दूर जावं लागणार होतं.

तर सगळे तंबूत बसले. मिशालचे वडील म्होरके. त्यांनी कप समोर ठेवला. सत्तामचे वडील, अबू सत्ताम, दगडासारखे बसले होते. कुणी खोकत नव्हतं. कॉफीवरची वाफ विरत चालली होती. आणि तेवढ्यात, ऐका, तंबूचा पडदा बाजूला झाला आणि सत्ताम स्वतः आत आला! काठी टेकत, लंगडत, पण हसत. डोक्याला तोच लाल रुमाल. तो मिशालच्या वडिलांसमोर वाकला, त्यांचा कप स्वतःच्या हातानं उचलून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "काका, प्या. नाचणाऱ्यानंही मागं बघायला हवं होतं." मग अबू सत्ताम रडले, सगळे रडले, सगळ्यांनी कॉफी घेतली, आणि त्याच संध्याकाळी नव्वाफ अंजिराच्या झाडाखाली आईच्या हातची भरलेली पानं—

"खोटं!"

हाजी इतक्या मोठ्यानं कधी बोलला नव्हता. त्याच्या टपावरची धूळ खाली घसरली.

"खोटं बोलतेस तू, पोरी. विमान ऐकलं, सावली ऐकली, उकडलेली अंडी ऐकली, सगळं हसण्यावारी नेलं. पण त्या बैठकीला माणसं मी नेली होती. मी तंबूच्या दारात उभा होतो. तो तंबू कशासाठी ठोकला होता, सांग ना यांना? सत्तामच्याच मयतीचा होता तो. कोण येणार होतं काठी टेकत? कॉफी गार झाली, तिच्यावर तवंग धरला, आणि अबू सत्ताम उठून आत निघून गेले. आणि दुसऱ्या दिवशी उम्म नव्वाफचं सामान माझ्याच टपावर बांधलं होतं. अंजिराची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं मांडीवर धरली होती."