डोळे बांधले, मग दिवे कशाला?

थिएटर खच्चून भरलं होतं. सिनेमा संपला तरी कुणी उठेना, कारण खरा खेळ आता सुरू व्हायचा होता. सिनेमातली नायिका मानेत निळं औषध टोचून घेते, मेंदूचा झोपलेला नव्वद टक्के भाग जागा होतो आणि मग ती डोळे बांधून गुंडांची फौज लोळवते. तसल्याच निळ्या रंगाचा कोट घालून, मुलांचा मेंदू 'उघडून' देण्याचे क्लास चालवणारे मेंदूसर स्टेजवर आले. "त्यांनी पडद्यावर दाखवलं, मी तुमच्या मुलांमध्ये दाखवतो!" टाळ्यांनी छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं.

पुढच्या रांगेत आत्या दातओठ खात बसली होती. गुंड लोळवणारी ती नायिका नव्हतीच, ती आत्या होती. नटीच्या जागी उड्या मारायच्या आणि मार खायचा, हाच तिचा धंदा. गच्चीवरची उडी तिने पाठीला दोर बांधून मारली होती, आणि तो दोर नंतर कॉम्प्युटरवर पुसला होता. मेंदू उघडून माणूस उडत असता तर तिचा गुडघा कशाला मोडला असता?

पण तिचा संताप सिनेमावर नव्हता. स्टेजवर काळी पट्टी बांधून तिची सख्खी भाची उभी होती. पोरीला फिट यायच्या, गोळ्यांनी त्या आटोक्यात होत्या. गोळ्या मेंदूला झोपवतात असं मेंदूसरांनी सांगितलं आणि आत्याच्या इंजिनियर भावाने त्या बंद केल्या. परवा पोर न्हाणीघरात फिट येऊन पडली, कपाळाला टाके पडले. "जुनी घाण बाहेर पडतेय," असं सर म्हणाले, तर या शहाण्याने त्यावरही मान डोलावली.

"वाच बेटा, आतल्या डोळ्याने वाच!"

भाचीने हनुवटी वर केली, पुस्तक उघडून छातीशी धरलं आणि धडाधड वाचत सुटली. लोक डोळे पुसू लागले.

ती वर केलेली हनुवटी आत्याच्या ओळखीची होती. डोळे बांधून केलेली मारामारी तिने तशीच केली होती. पट्टी कितीही घट्ट बांधा, नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहतेच, आणि मान जरा मागे नेली की खालचं सगळं दिसतं. ती उठली आणि मागे वळून ऑपरेटरला ओरडली, "दादा, सगळे दिवे घालवा!"

थिएटरच ते. डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख झाला. वाचन थांबलं.

"वाच की गं," आत्या म्हणाली. "तुझे डोळे तर आधीच बांधलेत. तुला दिवे कशाला?"

"दिवे लावा!" मेंदूसर किंचाळले. "अंधारात लहरी उलट्या फिरतात!"

"आणि पट्टीच्या आतल्या अंधारात सुलट्या फिरतात होय?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग स्टेजवरून बारीक आवाज आला. "आत्या, नाकाजवळून दिसतं. सर म्हणाले, कुणाला सांगितलंस तर मेंदू परत बंद पडेल."

दिवे लागले. शेजारी बसलेल्या भावाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, मला वाटलं, एकदा तरी ती सगळ्यांच्या पुढे असेल."

"मागे कधी होती रे ती? तिला फिट येतात. तो आजार आहे, कुलूप नव्हे! मेंदू अख्खा चालतो, तुझा, माझा, या भामट्याचासुद्धा. झोपेतही चालतो. पूल बांधताना दहा वेळा तपासून बघतोस ना? मग पोरीच्या डोक्याशी खेळताना अक्कल कुठे गहाण टाकली होतीस?"

भाऊ स्टेजवर चढला. त्याने लेकीची पट्टी सोडली, कपाळावरचे टाके बघितले आणि मेंदूसरांच्या हातून माईक हिसकावून घेतला.

"मी शिकलेला माणूस," तो म्हणाला. "मी एक प्रश्न विचारला नाही. माझ्या पोरीने विचारला असता, तर तिलाही गप्प बसवलं असतं. तुमच्यापैकी ज्यांनी मुलांची औषधं थांबवली असतील, त्यांनी आत्ता, इथूनच, डॉक्टरांना फोन लावा. लाज मागाहून वाटून घेऊ."

मागच्या रांगेतली एक आई पर्समध्ये फोन शोधू लागली. तिच्या शेजारची दुसरी. मग आणखी तिघं.