बैठकीत न बसलेली लेक

न्हाणीच्या कोनाड्यात, शाम्पूच्या पुडीमागं ती पट्टी दिसली आणि इंदूबाईनं ती उचलून उजेडात धरली. पट्टी तिच्याच पिशवीतली. परतवाड्याजवळच्या त्या गावात ती आशाताई, घरोघर फिरणारी आरोग्य कार्यकर्ती. दिवस राहिले का पाहायच्या पट्ट्या, गोळ्या, निरोध, सगळं तिच्याजवळ असायचं. घरात नवरा देवमन, ती आणि लेक दीक्षा, बस. एकोणीस वर्षांची दीक्षा अमरावतीला बी.एस्सी. करत होती, काल शनिवारी संध्याकाळीच घरी आलेली.

पट्टीवर रेघ एकच होती, म्हणजे दिवस राहिलेले नाहीत. पोरगी तेवढ्यावरच निश्चिंत झाली असावी, कारण सकाळपासून गाणं गुणगुणत बॅग भरून राहिली होती. दुपारच्या बसनं तिला परत जायचं होतं.

इंदूबाईला मात्र त्या एका रेघेचा भरवसा वाटेना. दुसऱ्या कोणाची सून असती तर तिनं पहिलं विचारलं असतं, कधीची गोष्ट? इथं जीभच उचलेना. बाई तशी मोठी बोलकी बरं. अंगणवाडीत पोरींची बैठक घ्यायची तेव्हा पाळी, गर्भ, निरोध, सगळं धडाधड सांगायची. पोरी ओढणीत तोंड लपवायच्या तरी थांबायची नाही. फक्त स्वतःच्या लेकीला तेवढ्या वेळात चहा ठेवायला घरी पाठवायची. आशाताईची पोरगी असलं ऐकत बसते म्हटल्यावर लोक काय म्हणतील! दर बैठकीला चहा. आता त्या चहाचा तिला असा संताप आला की काही विचारू नका.

बसला तासभर उरला तेव्हा तिनं दार लावलं आणि पट्टी पलंगावर ठेवली. दीक्षा पांढरीफटक पडली. आता आई ओरडेल, बाबांना सांगेल, कॉलेज बंद होईल, असंच तिला वाटलं. इंदूबाईनं फक्त कधीची गोष्ट ते विचारलं. शुक्रवारची, दीक्षा खाली मान घालून म्हणाली, वर्गातल्या ललितच्या खोलीवरची. पण आता काही नाही, रेघ एकच आली.

"इतक्या लवकर काई समजत नाई त्याच्यात," इंदूबाई म्हणाली. "पाळी चुकल्यावर पाह्यतात ते."

दीक्षाचे डोळे भरून आले. इंदूबाईनं पिशवीतून दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची गोळी काढली. तीन दिवसांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी, हे तिनं गावात किती जणींना सांगितलं असेल. पोरीनं मुकाट्यानं गोळी गिळली. तरी इंदूबाईचा जीव थाऱ्यावर येईना. ललितचं नाव घेताना पोरीनं अंग चोरलं होतं, ते तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. आणि त्या गोष्टीवर उपाय म्हणून तिच्या पिशवीत काहीच नव्हतं.

"तुया मनात होतं का, दीक्षा?"

"म्हंजे?"

"तुले पाह्यजे होतं का? त्यानं विचारलं का तुले?"

दीक्षानं मान वर केली. तिला प्रश्नच नवा होता.

"असं विचारतात का, आई?"

"विचारा लागते, माय," इंदूबाई म्हणाली. बैठकीत एवढं सांगायची ती, पण ही गोष्ट आजवर कोण्याच पोरीला सांगितली नव्हती. तिलाही कोणी सांगितली नव्हती.

बस येऊन राहिली, म्हणून देवमननं बाहेरून हाक मारली. पोरगी आज जात नाही, असं इंदूबाईनं आतूनच सांगितलं आणि ती लेकीजवळ पलंगावर बसली.