कासवाची खुंटी

खुंटीच्या वर चिकटवलेल्या कासवाचा पुढचा एक पाय पांढरा पडला होता – येता-जाता बोट फिरवून फिरवून त्याचा रंग खुंटीच्या छोट्या मालकिणीनेच उडवला होता – आणि आज त्या पांढऱ्या पायाकडे पाहताना मुलांची देखभाल करणाऱ्या दादाला उगाचच हसू आले. आज, चार वाजता. एवढेच काय ते. पण सकाळपासून, वेण्या घालताना, अकरा डबे भरताना, हरवलेला एक मोजा शोधताना हे दोन शब्द त्याच्या छातीत असे उड्या मारत होते, की आपल्या अंगात इतका आनंद मावतो हेच त्याला नवे होते.

या घरात अकरा मुले होती. मारातून, उपासातून, बाहेरून कडी लावलेल्या खोल्यांतून काढून आणलेली. प्रत्येकाला एक खुंटी, प्रत्येक खुंटीवर एक चित्र. काहींना वाचता येत नसे, आणि काहींना तर स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारलेलेही सोसत नसे. मग चित्राचेच नाव होऊन जाई. ती कासव. वय वर्षे सात. दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा पाच महिने पलंगाखाली झोपली होती, पायांत बूट घालून. पळावे लागले तर वेळ जाऊ नये म्हणून. तेव्हा तोही रोज रात्री तिच्या पलंगाशेजारी फरशीवर बसून राही, काही न बोलता... न बोलणे त्याला चांगले जमे. तेवढेच जमे, असे त्याला वाटे.

आणि आज ती एका घरी जाणार होती. शिवणकाम करणारी बाई, तिचा निवृत्त बसचालक नवरा. सहा शनिवार दोघे इथे येऊन तिच्याशी पत्ते खेळून हरले होते. आज पहिल्यांदाच ती त्यांच्याकडे दोन रात्री राहायला जाणार होती. निभावले, तर महिन्याभराने कायमची.

ती शाळेत असतानाच त्याने पिशवी भरायला घेतली. फ्रॉक, फणी, पत्ते, कान तुटलेला कापडी ससा. घडीवर घडी, कोपऱ्याला कोपरा. दारातून जाणारी स्वयंपाकीण मावशी थबकली.

"उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग," ती म्हणाली. "माझ्या लग्नात एवढी बांधाबांध नव्हती. आणि गुणगुणतोयस काय? तुला गळा आहे हे आजच कळलं."

आपण गुणगुणत होतो? तो कानापर्यंत लाल झाला आणि घाईघाईने खुंटीवरचा निळा स्वेटरही पिशवीत कोंबून त्याने चेन ओढली.

दोन वाजता शाळेची गाडी आली. कासव आत आली, नेहमीप्रमाणे तिने चित्राच्या पायाला लावायला बोट उचलले – आणि ते बोट तसेच हवेत राहिले. खुंटी रिकामी होती. तिने पिशवीकडे पाहिले, मग त्याच्याकडे. शांतपणे चालत आपल्या पलंगापाशी गेली आणि बुटांसकट पलंगाखाली शिरली.

मग त्याला आठवले. या घरात कामाला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी तोच तर समजावून सांगत असे: मूल पहिल्यांदा बाहेर राहायला जाते तेव्हा त्याची एक वस्तू खुंटीवर राहते, कोणती, ते मूल ठरवते. ती वस्तू म्हणजे जागा तुझीच आहे, असे न बोलता दिलेले वचन. इतरांना पढवलेला नियम तो आज आनंदाच्या भरात विसरला होता. आणि स्वेटर – एवढ्या उकाड्यात...

उन्हाळ्यात स्वेटर. तो पलंगाशेजारी फरशीवर आडवा झाला, आणि थंड फरशी गालाला लागताच त्याच्या आठवणीतली दुसरी एक पिशवी उघडली. मी आठ वर्षांचा होतो. आई म्हणाली होती, मामाकडे आठ दिवस जायचंय. आणि भर उन्हाळ्यात तिने माझा स्वेटर पिशवीत तळाशी घातला होता. मी तेव्हाच समजलो. आठ दिवसांची चार वर्षे झाली. जिन्यावर वडिलांची पावले वाजली की श्वास रोखून धरायचो ते घर सुटले, हे खरे. पण एवढ्या वर्षांत मी आईला जे माफ केले नाही ते स्वेटर नव्हते, चार वर्षेही नव्हती. पिशवी भरताना ती गुणगुणत होती. मला घालवताना ती गुणगुणत होती...

"दादा." पलंगाखालून आवाज आला. "स्वेटर का भरलास?"

"चुकलं माझं."

बराच वेळ बुटाचे टोक फरशीवर घासत राहिले.

"मी परत यायचं नाही का?"

"यायचंय. रविवारी. मला फार आनंद झाला होता, त्यात विसरलो."

"मी जाणार म्हणून आनंद झाला?"

मावशीच्या चुलीवर झाकण खडखडत होते. खोटे बोलणे सोपे होते. पण या मुलांना खोटे वासावरून कळते.

"तुला तिकडे बरं वाटेल, म्हणून," तो म्हणाला. "आणि तू इथे नसशील म्हणून पोटात गोळाही आलाय. दोन्ही आहे."

"एकदम?"

"एकदम."

"माझ्यापण," ती म्हणाली. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले, पावणेचार झाले. तो हलला नाही. मग आधी एक बूट बाहेर आला, मग दुसरा, मग केसांना धूळ लागलेली कासव. पिशवीची चेन तिने स्वतः उघडली, सगळ्या घड्या विस्कटत स्वेटर ओढून काढला आणि टाचा उंचावून खुंटीवर लटकवला.

"हा इथेच राहील. याला तिकडे गरम होईल."

चारला बसचालक दारात उभा होता. चार म्हणजे चार, तो ऐटीत म्हणाला, एवढी वर्षं बस काय उगाच चालवली? बायकोने त्याला कोपर मारले. कासवाने दोघांना खुंटीपाशी नेऊन स्वेटर दाखवला, मग बसचालकाकडे मान वर करून विचारले, "रविवारी किती?"

"पाच," तो एकदम गंभीर झाला. "पाच म्हणजे पाच."

ती गेली. वळून पाहिले की नाही, हे दादाला कळले नाही, कारण डोळ्यांपुढे सगळे पाणी-पाणी झाले होते, आणि तरीही छातीतल्या त्या उड्या थांबल्या नव्हत्या. उलट वाढल्या होत्या. ती रविवारी येईल, आणि मग एके दिवशी हा स्वेटरही घेऊन जाईल... जावाच...

तो खुंटीपाशी आला. स्वेटरची एक बाही आतल्या आत उलटी राहिली होती. ती सरळ करायला हात पुढे गेला आणि थांबला. तिने जशी ठेवली तशीच तिला दिसायला हवी. त्याच्या आतून पुन्हा तेच सूर येत होते, कोणते ते त्याला या क्षणापर्यंत ओळखू आले नव्हते. आईचेच होते. त्या दिवशी ती आनंदात होती – असेल, मी जिथे जात होतो तिथल्या शांत जिन्याच्या आनंदात – आणि तिच्या पोटातला गोळा? तो मला दिसला नसेल. आठ वर्षांच्या माणसाला पाठमोरी आई दिसते, तेवढीच.

मी गेल्यावर माझ्या रिकाम्या जागी तिने काय ठेवले होते, हे कधी विचारलेच नाही. तो कासवाच्या पांढऱ्या पायावर बोट ठेवून उभा राहिला, गुणगुणत, आणि मावशी मागून गेली तरी थांबला नाही.