पात धरणाऱ्या पोरी

मी नऊ वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळलो. मुंबईत, गोव्यात, दोन हंगाम कोलकात्यात. फॉरवर्ड होतो, आणि उगाच नम्रपणा कशाला, चांगला होतो. मग गुडघा गेला आणि धाकटी डहाणूचा हा दशरथ गंजाडजवळच्या एका शाळेत मुलींचा कोच झाला.

पोरी पळायला तुफान. पण बचाव? राम राम! चेंडू जिकडे, चौघीही तिकडे. तीन आठवडे मी बोंबलत होतो, "एका रेषेत राहा! चौघी एकदम पुढे सरका, म्हणजे त्यांची फॉरवर्ड तुमच्या मागे एकटी सापडेल. मग ती ऑफसाइड, तिचा गोल धरत नाहीत!" त्या माना डोलवायच्या आणि पुन्हा चेंडूमागे धावायच्या. "हो सर" म्हणण्यात मात्र एक नंबर.

त्यात मुख्याध्यापक रविंद्र सरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगून टाकलं, "दोन वर्षं पहिलीच मॅच हरताय. यंदाही तलासरीच्या स्पर्धेत हरलात तर मैदान क्रिकेटला. मुलींचा संघ बंद." दोन वर्षं हरलो होतो हे खरंच होतं.

मॅचला चार दिवस उरले आणि सरावाला बघतो तर बचावातली एकही पोरगी नाही. भातकापणीला गेल्या म्हणे. माझं डोकंच फिरलं. बाइक काढली आणि तडक कॅप्टन शुक्रीच्या शेतावर गेलो. चौघी तिथेच होत्या. मी बांधावरूनच सुरू केलं, "लाज वाटते का? संघ बंद पडायची वेळ आलीय आणि तुम्ही..."

शुक्रीची आई, धाकली, कंबर सरळ करून उभी राहिली. "मास्तर, बोंबलून भात कापलं जातं काय? धर विळा. लवकर आटपलं तर पोरी लवकर सुटतील."

आता मी खाडीकाठचा माणूस, मासळी निवडायला सांगा. पण तावातावाने विळा घेतला आणि दिसेल ते कापत सुटलो. सात-आठ हात पुढे गेलो, तशी धाकली ओरडली, "ए मास्तर, कुठं चालला? पात धर, पात! एकटाच पुढं गेला तर उभं भात तुडवशील!"

पात म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याचा पट्टा. मी वळून पाहिलं आणि तोंड उघडंच राहिलं. शुक्री, शितल, नीलम, प्रभा, चौघी एका ओळीत वाकलेल्या. शुक्री म्हणायची, "हां, चला," की चौघी एकदम एक पाऊल पुढे. एकीनेही मान वर केली नव्हती.

"अगं गाढवांनो, हेच तर मी तीन आठवडे सांगतोय!"

"एवढंच होय?" शुक्री म्हणाली. "मग दाखवायचं ना सर. नुसतं ओरडता."

तलासरीला आमच्या फॉरवर्ड रूपीने विसाव्या मिनिटालाच गोल मारला. मग समोरच्यांनी आम्हाला जे धरलं! दर दोन मिनिटांनी "हां, चला!" ऐकू यायचं आणि चौघी पाऊल पुढे टाकायच्या. शेवटच्या मिनिटाला त्यांच्या एकीने लांब चेंडू मारायला पाय उचलला. "हां, चला!" चौघी सरकल्या आणि मग चेंडू सुटला, पण त्यांची उंच फॉरवर्ड चेंडू घेऊन निघून गेली आणि तिने तो जाळ्यात मारला. त्यांची माणसं नाचायला लागली. मग मी लाइनमनकडे पाहिलं. निशाण वर होतं. ऑफसाइड, गोल रद्द! तेवढ्यात शेवटची शिट्टी झाली आणि मी दुखरा गुडघा विसरून लहान पोरासारखा उड्या मारू लागलो.

रविंद्र सर धावतच आले. "मैदान पोरींचं! संघ राहणार! पण दशरथ, हे शिकवलंत कसं?"

नऊ वर्षांचा अनुभव, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण शप्पथ सांगतो, जीभ रेटेना. टेम्पो भरून आलेल्या पाड्यातल्या बायकांत धाकली उभी होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं. "मी नाही सर. त्यांनी शिकवलं."

त्यांचा चेंडू जाळ्यात गेला तेव्हापासून रडून धाकलीचे डोळे लाल झाले होते. "मी?" ती म्हणाली. "अरे देवा, म्हणजे आपण जिंकलो काय?"